रक्त आधी माझं तपासलं

"ते खालचं तुझं तू पूस."

सिस्टरनं पायानं एक फडकं माझ्याकडं सरकवलं. हातानं नाही. पायानं.

मी आत्ताच बाळंत झाले होते. टाके ओले होते. पोरगी रडल्याचा आवाज ऐकला होता, पण तिला कुठं नेलं ते कुणी सांगत नव्हतं. टेबलाखाली माझंच रक्त सांडलेलं. ते पुसायचं काम ज्या मावशीचं, ती बादली घेऊन पुढं आली तशी सिस्टर ओरडली, "तू नको हात लावू तिथं! एचआयव्ही हाय तिला."

मला असं कळलं. माझ्याकडं बघून कुणी सांगितलंच नाही. मावशीला सांगितलं, ते मी ऐकलं.

मी खाली उतरले. गुडघ्यावर बसून पुसलं. चक्कर आली म्हणून टेबलाचा पाय धरला. "टेबलाला हात लावू नको," सिस्टर म्हणाली. त्याच टेबलावर मी बाळंत झाले होते. मी हात सोडला. मावशी दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की भीती, मला सांगता येणार नाही. जागची ती हलली नाही एवढं खरं.

नांदेडचा तो दवाखाना. नाव लिहीत नाही. असलं त्या एकाच दवाखान्यात होतं असंही नाही.

गरोदरपणात मी गावाजवळच्या खाजगी डॉक्टरकडं दाखवत होते. त्यानं ही तपासणी कधी केलीच नव्हती. कळा सुरू झाल्यावर नांदेडला आणलं. तिथं बोटाला टोचून रक्त घेतलं. कशाचं घेता, मी विचारलं नाही. कळा चालू असताना कोण विचारतं?

बाहेर व्हरांड्यात माझी सासू बसली होती. तिला माझ्या आधी कळलं होतं. सिस्टरनं सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "तुमच्या सुनेला एड्स हाय, म्हाईत हाय का तुम्हाला?" लोहा, कंधारकडचे लोक बसले होते तिथं. आमच्या भावकीतला एकजण होता. रिपोर्ट गावात माझ्या आधी पोचला.

मला वॉर्डातल्या शेवटच्या पलंगावर टाकलं. संडासाच्या दारालगत. पोरगी आणून दिली तेव्हा आत्याबाई म्हणजे माझी सासू आली. पोरीकडं बघितलं नाही. पलंगापासून लांब उभं राहून म्हणाली, "कुणापाशी गेली व्हतीस?"

मी बारावी शिकलेली पोरगी. शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं माझं माहेर. लग्नाआधी एकटी कधी लातूरलासुद्धा गेले नव्हते. लग्न झालं, लोह्याजवळच्या गावात आले, आणि वर्षाच्या आत बाळंत झाले. कुणापाशी जाणार होते मी?

नवरा दुसऱ्या दिवशी आला. तो बोअरच्या गाडीवर कामाला. गाडी तेलंगणात फिरायची, तो महिना महिना बाहेर असायचा. दवाखान्यातल्या कौन्सिलर मॅडमनं त्याला बोलावलं. ती बाई चांगली होती. तिनं पडदा ओढला, हळू बोलली. म्हणाली, "तुमचीसुद्धा तपासणी करून घेऊ. दोघांची झालेली बरी."

तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत हाय."

आत्याबाई पडद्याच्या पलीकडून म्हणाली, "माझ्या लेकराला कशाला सुया टोचता? रोग हिला हाय."

मॅडमनं पुन्हा विनवलं. तो उठून गेला. जबरदस्ती करता येत नाही म्हणे कुणाच्या रक्तावर. माझ्यावर कुणी केली नव्हती का? पण ते बाळंतपण होतं. बाळासाठी होतं. बाळाला औषधाचे थेंब सुरू करायचे होते, म्हणून आईचं रक्त लागतं. पुरुष बाळंत होत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. ही गोष्ट मला तेव्हा नीट मांडता येत नव्हती. पण आत कुठंतरी खुपली.

दवाखान्यातून मला सासरी नेलंच नाही. जीपनं सरळ माहेरी आणून सोडलं. गाठोडं, पोरगी आणि मी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नव्हतं.

माय रडली. दादानं पोरीला उचलून घेतलं. वहिनीनं मात्र दुसऱ्याच दिवशी कपडे धुवायचा दगड वेगळा केला.

माहेराहून एचआयव्हीच्या गोळ्यांचं जवळचं केंद्र म्हणजे लातूर. तिथं जाऊन गोळ्या सुरू करायच्या होत्या. रोज घ्यायच्या, जन्मभर. गोळ्या नीट घेतल्या तर माणूस जगतं, कामं करतं, म्हातारं होतं, असं नांदेडच्या मॅडमनं सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर, सव्वा महिना उलटल्यावर, मी लातूरला गेले. पोरगी छातीशी. ओढणीनं तोंड गुंडाळलेलं, की ओळखीचं कुणी बघायला नको.

ओळखीचं माणूस रांगेतच होतं.

आधी शर्ट ओळखला. लग्नात माझ्या मामानं केलेला चौकड्याचा शर्ट. मग मान ओळखली. तो गोळ्यांच्या खिडकीपाशी उभा होता. आतला माणूस त्याला म्हणाला, "काय राव, मागच्या खेपेला उशीर केलात." माझा नवरा हसला. म्हणाला, "गाडी लांब व्हती, साहेब."

त्याला सगळं माहीत होतं. खिडकी कुठली, वही कुठली, वजन कुठं करायचं. मला गेटवर तीनदा विचारावं लागलं होतं. तो तिथला जुना होता.

गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत टाकून तो वळला आणि मी समोर. त्याचं तोंड पांढरं पडलं. मग काय म्हणाला असेल?

"चहा घेतीस का?"

बाहेर टपरीवर बसलो. त्यानं चहा सांगितला. पोरगी माझ्या मांडीवर हात हलवत होती. मी विचारलं, "कवापासून?"

त्यानं कप माझ्याकडं सरकवला.

"कवापासून म्हाईत हाय तुम्हाला?"

"लग्न ठरलं तवा कळलं," तो म्हणाला. "पत्रिका वाटून झाल्या व्हत्या."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. म्हणून. छापलेला कागद परत घेता आला नाही, म्हणून माझ्या अंगात हे आलं. मी ओरडले नाही. रडलेही नाही. चहा गार होऊन त्यावर साय धरली, ती बघत बसले.

तो बोलतच राहिला. घाबरला होता. हैदराबादकडं असताना ताप हटत नव्हता, तिथं तपासलं. नांदेडला कुणी बघेल म्हणून लातूरला नाव घातलं. "माझ्या मायला कळालं तर ती जीव देईल. धाकटीचं लग्न राहिलंय. तेवढं होऊ दे. मग मीच सांगतो समद्यास्नी. तुला न्यायला येतो. पण तू कुठं बोलू नको."

मी केंद्रातल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमचा राग रास्त आहे. पण त्याचा रिपोर्ट त्याच्या मर्जीशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. कायदा आहे. गुप्तता पाळावी लागते."

गुप्तता. हा शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. माझं रक्त व्हरांड्यात ओरडून सांगितलं होतं. गुप्तता त्याची होती.

तो न्यायला आला. माय म्हणाली, "पोरगी हाय पदरात. नवरा न्यायला आला हेच नशीब समज." वहिनीनं माझी पिशवी आधीच भरून ठेवली होती. मी गेले. आजही लोक विचारतात, का गेलीस? कुठं राहायला पाहिजे होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

सासरी माझी ताटली वेगळी. गिलास वेगळा. दोन्ही गोठ्यातल्या कोनाड्यात. चुलीपाशी जायचं नाही. शेण काढायचं, गवऱ्या लावायच्या, रानात खुरपायला जायचं. शेणाला माझे हात चालायचे. पिठाला चालायचे नाहीत. पोरीला मी पाजत होते तर आत्याबाई तोंड फिरवायची. तोच नवरा आत पाटावर बसून जेवायचा आणि त्याची आई त्याच्या भाकरीवर तूप घालायची. त्याच्या गोळ्या मोटरसायकलच्या डिकीत, ऑइलच्या डब्यामागं. माझ्या गोळ्या उघड्यावर, कारण मी उघडी झालेली होते. गोळी एकच. कंपनी एकच. बाटली एकच.

गावातल्या बाया यायच्या. माझ्या देखत आत्याबाईला म्हणायच्या, "लई मोठ्या मनाचा हाय तुमचा पोरगा. दुसऱ्यानं हाकलून दिली असती." तो खाली मान घालून ऐकायचा. खाली मान घातली की माणूस आणखी मोठ्या मनाचा दिसतो.

धाकट्या नणंदेचं लग्न झालं. मला मांडवात येऊ दिलं नाही. लग्नानंतर मी म्हणाले, "आता सांगा." तो म्हणाला, "आत्ताच कुठं नांदायला गेलीय. थोडं थांब." तिला मूल झालं. मी म्हणाले, "आता?" तो म्हणाला, "तू काऊन मागंच लागून राहिलीस? सुखानं राहू दे की."

माझी पोरगी दीड वर्षाची झाली तेव्हा तिची शेवटची तपासणी झाली. तिला काही नव्हतं. तिला काही नाही हे ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि त्या दिवशी पोटभर रडले. मग वाटलं, आता मला कशाची भीती आहे?

त्यानंतर मला काम मिळालं. नांदेडची एक संस्था होती. ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांच्या घरी जायचं, बोलायचं, परत केंद्रावर आणायचं. बिलोली, लोहा, मिळेल ती गाडी. आत्याबाईनं आडवं घेतलं, पण मानधन घरात येणार म्हटल्यावर गप्प झाली.

मी घरं बघितली. घर वेगळं, गोष्ट तीच. बाई गरोदर राहिली, बाईचं रक्त आधी तपासलं, बाई आधी सापडली, म्हणून बाईनंच आणलं. बिलोलीकडं एक पोरगी भेटली, माझ्याहून लहान. नवऱ्यानं तिला पत्र्याच्या खोलीत टाकलं होतं आणि दुसरी करून आणली होती. मी विचारलं, "त्याची तपासणी झाली का?" ती म्हणाली, "त्याला काय झालंय?" पलीकडं ती दुसरी बायको उभी होती. पोट दिसायला लागलेली. मी तिला बाजूला घेतलं, म्हणलं, "बाई, आजच्या आज दवाखान्यात चल." तिचा नवरा कुऱ्हाड घेऊन माझ्या अंगावर आला.

ऑफिसात बैठक व्हायची. भिंतीवर पोस्टर. दिल्लीहून, मुंबईहून आलेली. छान रंगीत. पोस्टरवर बाई, बाईच्या कडेला बाळ. 'आईपासून बाळाला'. मी एकदा बैठकीत विचारलं, "साहेब, आईला कुणापासून?" साहेब म्हणजे कार्यक्रमाचे प्रमुख. हसले. म्हणाले, "ताई, पुरुष कामावर असतात, येत नाहीत. आपण महिलांवर फोकस ठेवू. महिला ऐकतात." चहा आला. विषय संपला. तपासायला बाई, समजवायला बाई, ऐकायला बाई. आणि बैठकीचं नाव स्त्री-पुरुष समानता.

मग तो कार्यक्रम आला.

नांदेडला मोठा हॉल. वरचे पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, "ताई, तुमची कहाणी प्रेरणादायी आहे. पॉझिटिव्ह पत्नीला स्वीकारणारा पती. आदर्श जोडपं म्हणून तुमचा सत्कार करू. समाजात चांगला संदेश जाईल."

मी म्हणाले, "नको."

त्यांनी परस्पर माझ्या नवऱ्याला फोन केला. तो तयार झाला. मला वाटलं होतं घाबरेल. तो नवीन शर्ट घेऊन आला. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

स्टेजवर आम्हाला शेजारी बसवलं. मला एक ओढणी दिली, तोंड झाकायला. ओळख लपवायला हवी म्हणे. नवऱ्याचं तोंड उघडं. निवेदन करणारा म्हणाला, "आज आपल्यात असा एक तरुण आहे, ज्यानं बाधित पत्नीला दूर न लोटता मोठ्या मनानं माफ केलं, पदरात घेतलं." टाळ्या. पाहुण्यांनी शाल उचलली. नवरा उभा राहिला. हात जोडले. फोटोवाला पुढं आला आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागं सरका."

मी मागं सरकले नाही. ओढणी काढून खुर्चीवर ठेवली. माईकपाशी गेले.

मी म्हणाले, "माफ केलं म्हणता. कशाची माफी? मी काय केलं?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"मी बाळंत होत व्हते म्हणून माझं रक्त तपासलं. माझ्या सासूला माझ्या आधी कळलं, गावाला माझ्या आधी कळलं. माझं रक्त माझ्याकडून पुसून घेतलं. गोठ्यात जेवले. मी काही केलं न्हाई. मला माफी नको. या माणसाची गोष्ट या माणसाची हाय, ती मी सांगणार न्हाई, कायदा मला म्हाईत हाय. पण माझी गोष्ट तुम्ही खोटी सांगून राहिलात. ही शाल मला मंजूर न्हाई."

शाल पाहुण्यांच्या हातातच राहिली. कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्याच संस्थेच्या बायांनी माना खाली घातल्या. साहेबांनी माईक ओढून घेतला. "ताई जरा भावनिक झाल्या आहेत."

मी भावनिक नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा शुद्धीवर होते.

बाहेर रस्त्यावर नवऱ्यानं दंड धरला. "तू मला समद्यांसमोर नागवं केलंस."

मी म्हणाले, "मी तर तुमचं नावबी घेतलं न्हाई."

त्यानं हात उगारला. मी डोळे मिटले नाहीत. तो हात तसाच वर राहिला, मग खाली आला, मग त्या हातानं त्यानं स्वतःचं तोंड पुसलं. मोटरसायकल काढली आणि निघून गेला. मला घेतलं नाही. मीही बसणार नव्हते.

कुणीतरी मोबाईलवर काढलेलं माझं बोलणं संध्याकाळपर्यंत गावात पोचलं. आत्याबाईनं माझी ताटली, गिलास, कपडे रस्त्यावर ठेवले. कपडे आणि पोरगी घेऊन मी निघाले. ताटली तिथंच राहू दिली.

आठवडाभरात संस्थेनं कळवलं, सध्या गरज नाही. माय म्हणाली, "काय मिळालं तुला बोलून?" खरं आहे. काही मिळालं नाही. काम गेलं, घर गेलं. सिस्टर तिथंच आहे, साहेब तिथंच आहेत, पोस्टरही तेच आहे. बिलोलीच्या त्या दुसऱ्या बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि गावानं तिलाच विचारलं, कुणापाशी गेली होतीस.

लोह्यात एक खोली घेतली आहे. डाळमिलवर कामाला जाते. पोरगी शाळेत जाते. सुट्टीच्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन बसते, जिथं गरोदर बायांची रांग लागते तिथं. मला कुणी नेमलेलं नाही. एकटी आलेली दिसली की विचारते, नवरा कुठाय? कामावर हाय म्हणाली की संध्याकाळी तिच्या घरी जाते. दारात उभी राहून सांगते, "तिनं रक्त दिलं. आता तुम्ही चला." शिव्या खाते. एकदा कुत्रं सोडलं अंगावर. काही येतात. बरेच येत नाहीत. जे येत नाहीत त्यांच्या दारात परत जाते.

मागच्या महिन्यात नवरा आला. खोलीच्या उंबऱ्यापाशी उभा राहिला. वाळला होता. म्हणाला, "माय आजारी हाय. घर उघडं पडलंय. चल आता. झालं गेलं सोडून दे."

मी विचारलं, "गोळ्या घेता का येळेवर?"

त्यानं मान हलवली.

"घेत जा. सोडू नका. मरू नका." हे मी मनापासून म्हणाले.

"मग चलतीस?"

"आधी आत्याबाईला सांगा. तुमच्या तोंडानं. भावकीतल्या माणसांपुढं सांगा, हे हिनं आणलेलं न्हाई."

"ते न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

"मग मीबी न्हाई यायची."

मी भाकरी थापत होते. त्याला पाणी दिलं. माझ्या गिलासातून दिलं. पाणी पिऊन तो निघाला तशी मी म्हणाले, "ऐका. तुमचं गुपित मी राखलंय, पुढंबी राखीन. तुमचं नाव माझ्या तोंडून कधी निघणार न्हाई. पण तुमचं पाप माझ्या नावावर ठिवून मी एक दिवससुद्धा नांदणार न्हाई. तुमच्या मायला सांगा."

आणि तव्यावरची भाकरी उलटली.